चार बाईक आणि एक मोठ्ठा चौकोन: पुण्यातून सुवर्ण चतुष्कोन करायचा असेल तर

लडाख सगळेच करतात, करा, छानच आहे, पण आपला देश केवढा आहे हे बघायचं असेल ना तर बाईक घराच्या पार्किंगमधून काढायची आणि अख्ख्या देशाला फेरी मारून परत त्याच पार्किंगला आणून लावायची. आपण पुणेकर यात नशीबवान, कारण दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडणारा सुवर्ण चतुष्कोन आपल्या वारज्यातून जातो, रोज ऑफिसला जाताना ज्या हायवेला शिव्या घालतो ना तोच. एकूण 5,846 किलोमीटर. त्यात दिल्ली-कोलकाता 1,453, कोलकाता-चेन्नई 1,684, चेन्नई-मुंबई 1,290 आणि मुंबई-दिल्ली 1,419. 1999 ला वाजपेयींनी पायाभरणी केली, 2012 ला काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, आणि डायव्हर्जन अजूनही चालूच आहेत ते सोडा. इकडेतिकडे वाकडी वाट करून साडेसहा हजार धरा आणि हातात चोवीस-पंचवीस दिवस ठेवा. अठरा दिवसात पण होतं म्हणणारे भेटतील, त्यांना करू दे.

पहिलं काम बाईक नाही, माणसं. हे मी मुद्दाम आधी लिहितोय कारण सगळे आधी टायर, सॅडल बॅग, जीपीएस यावर महिनाभर चर्चा करतात आणि सोबत कोण येतंय हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोण पटकन अंगठा दाखवतो त्यावर ठरतं. चार बाईकच्या वर जाऊ नका. चार म्हणजे दोन रूम, एक टेबल, पेट्रोल पंपावर एकदाच थांबणं. सहा झाले की पंक्चर, पोट बिघडणं आणि ‘जरा फोटो काढू’ हे सगळं दीडपट होतं आणि रोजचा एक तास कुठे गेला ते कळत पण नाही. आणि कॉलेजपासूनचा जिगरी दोस्त हा राईडला चांगला असेलच असं नाही बरं का, व्यक्ती तितक्या प्रकृती, जो सकाळी साडेपाचला उठत नाही तो पंचवीस दिवस उठणार नाही, त्याला घरी ठेवा आणि दोस्ती पण टिकवा.

निघायच्या आधी सगळ्यांनी एकदा नीट बसून, म्हणजे चहाला, बिअरला नाही, चार गोष्टी बोलून घ्यायच्या आणि ग्रुपवर लिहून पिन करून टाकायच्या. स्पीड किती ठेवायचा, आणि उत्तर एकच, सगळ्यात हळू चालवणाऱ्याला जो झेपतो तो. रात्री चालवायचं का, तर नाही. सकाळी राईड असेल तर आदल्या रात्री दारू किती, तर शून्य म्हणा नाहीतर एक म्हणा पण सगळ्यांना सारखं. आणि चौथी, जी कोणीच बोलत नाही, ती म्हणजे मध्येच कोणाला परत जावं लागलं तर काय. घरी कोणी आजारी पडलं, ऑफिसमधून बोलावलं, कंटाळा आला, काहीही. तेव्हा बाकीच्यांनी पुढे जायचं का थांबायचं, त्याची बाईक ट्रेनने पाठवायची तर कोण बरोबर थांबणार, हे आधी ठरलेलं असेल तर त्या दिवशी कोणाला वाईट वाटत नाही. बाईक रेल्वेच्या पार्सलने पाठवता येते, त्याला आरसी आणि ओळखपत्राची कॉपी लागते आणि टाकीतलं पेट्रोल काढून घेतात, एवढं माहिती असू दे.

मग एक ट्रायल राईड. लोणावळ्याला वडापाव खाऊन आलात त्याला ट्रायल म्हणत नाहीत. पूर्ण सामान लादून पुणे ते कोल्हापूर, तिथून आंबोली उतरून सावंतवाडी, मुक्काम, दुसऱ्या दिवशी गगनबावड्यावरून वर चढून परत पुणे. हायवे पण होतो, घाट पण होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाची पाठ धरलीय, कोणाची बॅग सरकते, कोण कोणावर चिडतो हे सगळं दोन दिवसात दिसतं. ज्याला यायचं नाही तो इथेच गळतो, आणि ते बरंच असतं.

आता कधी निघायचं. पुण्यातल्या ऑफिसवाल्यांना दिवाळीची सुट्टी जोडून निघायचा मोह होतो, तो आवरा. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा सीझन, आणि आपला चेन्नई-कोलकाता रस्ता किनाऱ्याला धरूनच जातो. 2013 चं फायलीन ओडिशात गोपाळपूरजवळ आणि 2014 चं हुदहुद विशाखापट्टणमला धडकलं, दोन्ही 12 ऑक्टोबरला, यावरून काय ते समजा. शिवाय तामिळनाडूचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरच असतो. बरं मग डिसेंबरमध्ये निघालात तर वाराणसीपासून दिल्लीपर्यंत धुकं, साधंसुधं नाही, समोरच्या ट्रकचा टेललाईट दहा फुटांवर आल्यावर दिसतो असलं धुकं. एप्रिलनंतर तर उन्हात भाजून निघाल आणि जूनपासून पावसाळा. मग उरतं काय, तर फेब्रुवारी. पहिल्या आठवड्यात पुण्यातून निघा, आणि दक्षिणेकडे निघा, उलटं नाही. चेन्नई तेव्हा कोरडं आणि सुसह्य असतं, फेब्रुवारीच्या मध्यावर गंगेच्या पट्ट्यात पोचेपर्यंत धुकं बरंच ओसरलेलं असतं, राजस्थानात शेवटच्या आठवड्यात मस्त हवा, आणि मार्च एंडिंगची बोंब सुरू व्हायच्या आत परत खुर्चीवर. दिशा आणि महिना, या दोनच गोष्टी नीट जमल्या तरी अर्धी राईड सोपी होते.

बाईक कुठली हे विचारू नका, तुमची आहे ती. दीडशे सीसीवर पण होतं, फक्त ओव्हरटेक करताना आधी विचार करावा लागतो. महत्त्वाचं म्हणजे ती ओळखीची पाहिजे, निघायच्या आठ दिवस आधी नवीन गाडी घेऊन थेट चेन्नई असलं काही नको. सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करायचं नाही, दहा दिवस आधी करा आणि त्यानंतर दोनशे-तीनशे किलोमीटर चालवा, कारण मेकॅनिकने ढिला ठेवलेला नट तेव्हाच कळतो, विजयवाड्यात कळून उपयोग नाही. चेन-स्प्रॉकेट अर्धं झिजलेलं असेल तर बदलूनच टाका, टायरचं तसंच, ब्रेक पॅड पण. नाना पेठेत एक चक्कर मारा आणि क्लच वायर, अॅक्सिलरेटर वायर, एक स्पार्क प्लग, हेडलाईटचा बल्ब, फ्यूज, क्लच आणि ब्रेकची एकेक लिव्हर घेऊन या, सगळं मिळून एका छोट्या पाऊचमध्ये बसतं. एक टीप, नवीन क्लच वायर जुन्या वायरच्या बाजूनेच ओढून चिकटपट्टीने बांधून ठेवता येते, तुटली की दहा मिनिटात जोडायची. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप, आणि किट वापरता येतं का ते घरी एकदा करून बघा. स्पोकच्या चाकात बहुतेक ट्यूब असते, मग एक्स्ट्रा ट्यूब पुढची-मागची दोन्ही. ग्रुपमध्ये दोघांकडे सेम बाईक असेल तर स्पेअर अर्धे होतात, हा मोठा फायदा.

रोज रात्री चेनला ल्यूब मारायचं, गाडी गरम असतानाच, दर पाचशे किलोमीटरला लागतंच आणि रोज मारलं की लक्षात ठेवावं लागत नाही. हवा सकाळी थंड टायरमध्ये चेक करायची. आणि कोलकात्याला म्हणजे साधारण अठ्ठावीसशे किलोमीटर झाल्यावर मधली सर्व्हिसिंग, ऑइल बदलणं वगैरे, त्याची अपॉइंटमेंट विशाखापट्टणममधूनच फोन करून घ्या.

सामानाचं एकच सांगतो, जे काढलं त्यातलं निम्मं परत कपाटात ठेवा. तीन टी-शर्ट, दोन पॅन्ट, थर्मलचा एक जोड कारण उत्तरेत सकाळी सहाला थंडी वाजणारच, रेनकोट, चपला. कपडे रोज रात्री बाथरूममध्ये धुवायचे, ड्राय-फिट असले तर सकाळपर्यंत वाळतात. जड सामान खाली आणि पुढे, म्हणजे सॅडल बॅगमध्ये, टेल बॅगमध्ये हलकं. हेल्मेट फुल फेस, आयएसआय मार्कचं, आणि जॅकेट, ग्लोव्हज, गुडघ्याचे गार्ड, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट यात काटकसर करायची नाही, मोबाईल होल्डरमध्ये करा. आणि सायकलवाले घालतात तशी पॅड असलेली शॉर्ट आतून घाला, हसू नका, तिसऱ्या दिवशी आठवण येईल. कानात इअरप्लग घाला, दिवसभराचा वारा कानात घुमून जो थकवा येतो तो लोकांना कळतच नाही कशाने आला.

कागदपत्रं: लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. डिजिलॉकर आणि एमपरिवहन मधले कागद कायद्याने चालतात पण फोनची बॅटरी मेली की काय दाखवणार, म्हणून झेरॉक्सचा एक संच सीटखाली. ओनर-ड्रायव्हरचं 15 लाखांचं पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर आहे का बघा आणि रोडसाईड असिस्टन्स जोडून घ्या. गाडी पंधरा वर्षांच्या आसपास किंवा जुनी असेल तर दिल्लीत पेट्रोल गाड्यांना वयाचे नियम आहेत आणि ते सारखे बदलतात, निघताना ताजं काय आहे ते बघून मगच दिल्लीत शिरायचं का बाहेरून जायचं ते ठरवा. हायवेवर काही झालं तर 1033, कुठेही काही झालं तर 112, हे दोन नंबर हेल्मेटच्या आत चिकटवा.

पैसे. पैशाचं सोंग आणता येत नाही आणि मित्रांमध्ये तर अजिबातच नाही. सगळ्यांनी सुरुवातीला सारखी रक्कम एका खात्यात टाकायची आणि एकच जण खजिनदार, शक्यतो जो घरी किराण्याचं बिल तपासतो तो. रूम, जेवण, चहा, पार्किंग हे कॉमन. पेट्रोल आणि गाडीची रिपेअरी ज्याची त्याची, नाहीतर पस्तीसच्या अॅव्हरेजवाला पंचवीसवाल्याचं पेट्रोल भरत बसतो आणि पोटात राग साठतो. पस्तीसचं अॅव्हरेज धरलं तर साडेसहा हजार किलोमीटरला साधारण 186 लिटर, म्हणजे पेट्रोलचे वीस हजाराच्या आसपास. दोघात एक साधी स्वच्छ रूम आणि जेवण धरून बाकीचा अंदाज तुमच्या सवयीप्रमाणे करा. हिशोब रोज रात्री लिहायचा, रोज, दमलो म्हणून उद्या असं नाही. दिलासा म्हणजे राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, डावीकडच्या कडेच्या लेनमधून निघायचं.

पण मॅप लावताना एक बघा, मॅप तुम्हाला एक्सप्रेसवेवर नेऊन सोडतो आणि कितीतरी एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. आपला मुंबई-पुणे, समृद्धी, तिकडे अहमदाबाद-वडोदरा, दिल्ली-मुंबई, सगळीकडे बंदी. आग्रा-दिल्ली यमुना एक्सप्रेसवेवर मात्र दुचाकी चालते, पण तिथे टोल द्यावा लागतो. मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडा आणि तरीही बोर्ड वाचा.

रोजचं गणित असं. सहाला गाडी सुरू, साडेआठला नाश्ता, दर दीड तासाला दहा मिनिटं ब्रेक, चार-साडेचारला मुक्काम. साडेतीनशे, फार तर चारशे-सव्वाचारशे किलोमीटर. सरासरी चाळीसच्या वर धरू नका, थांबे धरून तेवढीच पडते. दोन-तीन दिवस चालवलं की एक दिवस पूर्ण आराम, त्या दिवशी बाईकला हात पण लावायचा नाही. दुपारी जड जेवलात तर झोप येणार, दहीभात, केळी, ताक असलं काहीतरी, आणि ओआरएसची पाकिटं जवळ. रस्त्यावर एक जण लीड, एक शेवटी स्वीप, अनुभवी माणूस स्वीपला ठेवा, लीडला कोणीही चालतो. एकामागे एक नाही, तिरके चाला, म्हणजे पुढचा लेनच्या उजवीकडे असेल तर त्याच्या मागचा डावीकडे, आणि मध्ये निदान दोन सेकंदाचं अंतर. प्रत्येकाने आरशात मागच्यावर लक्ष ठेवायचं, तो दिसेनासा झाला की स्पीड कमी, आणि तरी नाही आला तर हायवेवर यू-टर्न नाही, उलट्या बाजूने तर मुळीच नाही, पुढच्या टोलनाक्यावर थांबायचं. टोलनाका ही भेटायची सगळ्यात भारी जागा, सावली असते, टॉयलेट असतं, अँब्युलन्स पण असते.

आता रस्ता. पहिल्या दिवशी पहाटे खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापुढे चहाला सगळे भेटा, खंबाटकी उजाडताना चढा आणि कोल्हापूरला मिसळ खाऊन बेळगावला कुंदा, मुक्काम हुबळी, सव्वाचारशेच्या आसपास होतात. दुसऱ्या दिवशी बंगळुरू, वाटेत चित्रदुर्गचा किल्ला हायवेलगतच आहे. बंगळुरूत दुपारी चारच्या आत शिरा नाहीतर मग हिंजवडी बरी वाटेल. पुढे होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर करत चेन्नई, आणि वाटेत आंबूरला थांबून बिर्याणी न खाता पुढे गेलात तर तुमचं तुम्ही बघा. ज्यांना दोन दिवस जास्त आहेत त्यांनी तंजावर करून या, सरस्वती महालाचं ग्रंथालय आणि तिथले मराठे हा वेगळाच विषय आहे.

चेन्नई ते कोलकाता हा सगळ्यात लांब आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर तुकडा. नेल्लोर, ओंगोल, विजयवाडा, राजमहेंद्री, विशाखापट्टणम. आंध्रात रस्ता सरळसोट असतो आणि तीच अडचण आहे, कंटाळ्याने डोळा लागतो, इथे ब्रेक तासाभराने घ्या. आंध्रा मील्स पोटभर मिळतं पण तिखट झेपत नसेल तर उगाच मर्दपणा दाखवू नका, दुसऱ्या दिवशी सीटवर बसायचंय. ओडिशात शिरल्यावर गोपाळपूरला समुद्रावर मुक्काम टाका, मग रंभा किंवा बारकुलला चिल्का सरोवर, हिवाळ्यात लांबून आलेले पक्षी फेब्रुवारीत अजून असतात. कोणार्क, छेनापोडा म्हणजे तिकडची भाजलेल्या छेन्याची मिठाई, मग कटक. कटकचा बाराबती किल्ला बघा, 1751 ते 1803 ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होतं. आणि कोलकात्यात तर आपल्या भीतीने कंपनीने 1742 ला शहराभोवती खंदक खोदायला घेतला, मराठा डिच, तो पुढे बुजवला आणि त्यावरून सर्क्युलर रोड झाला, म्हणजे आज तिथे ट्रॅफिकमध्ये अडकलात तर कुठे अडकलाय ते लक्षात ठेवा.

कोलकाता ते वाराणसी जपून. आसनसोल-धनबाद पट्ट्यात कोळशाचे ट्रक, धूळ, आणि उलट्या बाजूने येणारं काहीही, सायकल, ट्रॅक्टर, म्हशी. व्हायजर रोज दोनदा पुसा. डोभीवरून बोधगया जवळच, सासाराममध्ये तलावात बांधलेली शेरशाह सूरीची कबर, आणि वाटेत औरंगाबादची पाटी दिसली तर दचकू नका, ते बिहारचं. बिहारमध्ये 2016 पासून दारूबंदी आहे, बॅगेत बाटली ठेवून शिरू नका, गुजरातला पण तेच. लिट्टी-चोखा खा, स्वस्त, पोटाला बरा, आणि कुठेही मिळतो.

वाराणसीत बाईक हॉटेलला लावून चालत फिरा. पुढे प्रयागराज, कानपूर, आग्रा. आग्र्याच्या किल्ल्यासमोर महाराजांचा पुतळा आहे, ताजमहालच्या आधी तिथे जा, 1666 आठवत थोडा वेळ उभे राहा. दिल्लीहून पानिपत साधारण नव्वद किलोमीटर, काला आम स्मारकाला पहाटे निघून दुपारपर्यंत परत येता येतं. चतुष्कोनात बसत नाही, पण एवढं लांब येऊन न जाणं मला तरी पटत नाही. (अटकेपार जायचं असेल तर मात्र आता पासपोर्ट लागतो.)

दिल्लीनंतर रस्ता इतका गुळगुळीत की स्पीड आपोआप वाढतो, सांभाळा, सगळे घराकडे तोंड असल्यासारखे पळवतात आणि याच टप्प्यात चुका होतात. जयपूर, किशनगड, तिथले संगमरवराचे लोड नेणारे ट्रेलर वळणावर अख्खी लेन घेतात. मग चित्तोडगड, उदयपूर, इथे एक दिवस आराम हवाच. वडोदऱ्यात लक्ष्मी विलास पॅलेस, आणि गावात जुन्या भागात मराठी ऐकू येतं, वीस-बावीस दिवसांनी बरं वाटतं. सुरत, वापी, मनोर.

शेवटचा दिवस वापीहून पुणे असा ठेवा आणि घोडबंदर सकाळी लवकर पार करा. पनवेलनंतर जुन्या हायवेने खोपोली, आणि घाट चढताना एक्सप्रेसवेकडे जाणाऱ्या फाट्याला चुकून वळू नका. तळेगावला सगळे थांबा, चहा घ्या, आणि तिथूनच एकमेकांना टाटा करा, कारण पुढे प्रत्येकाला वेगळीकडे जायचं असतं. बाईक धुवायच्या आधी सर्व्हिसिंगला टाका, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, व्हील बेअरिंग आणि स्पोक बघायला सांगा. खजिनदाराने आठ दिवसात शेवटचा हिशोब ग्रुपवर टाकायचा, उरलेले पैसे ज्याचे त्याला परत, आणि पुढच्या वेळी ईशान्येकडे जायचं म्हणत असाल तर अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरला इनर लाईन परमिट लागतं, ते ऑनलाईन निघतं.